पन्नास हातात, दोनशे हवेत

मूर्तिजापूर म्हटलं की जुन्या माणसाला शकुंतला आठवते. एका अंगाला यवतमाळ, दुसऱ्या अंगाला अचलपूर, आणि मध्ये हे जंक्शन. कापसाच्या गाठी वाहायला घातलेली ती अरुंद रुळांची गाडी आता आठवणीपुरतीच उरली आहे. विकासाचं अर्थशास्त्र शिकणारे लोक मात्र या तालुक्याला वेगळ्याच कारणानं ओळखतात. शिकागोत किंवा येलमध्ये शिकणाऱ्या पोराला अकोला नकाशावर सापडणार नाही, पण कंझरा हे नाव त्याच्या वाचनात हमखास आलेलं असतं. मूर्तिजापूर तालुक्यातलं हे काळ्या मातीचं, पऱ्हाटी-ज्वारीचं गाव आहे. त्याच्या जोडीला अकोला जिल्ह्यातलंच किनखेडा. या दोन गावांत 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात एक नाणं उडवलं गेलं. माणसाला प्रश्न विचारून त्याचं मन कळतं का, या मानसशास्त्राच्या जुन्या भांडणात त्या नाण्याची साक्ष आजही काढली जाते. वऱ्हाडाला याचा पत्ता फारसा नाही.

सुरुवात हैदराबादजवळच्या पाटणचेरूची. कोरडवाहू शेतीवर संशोधन करणारी 'इक्रिसॅट' ही आंतरराष्ट्रीय संस्था तिथे 1972 साली उभी राहिली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग ही तिची पिकं. वाण काढणारे शास्त्रज्ञ होतेच. पण काढलेलं वाण कास्तकार पेरतो का आणि पेरत नसेल तर का नाही, हे पाहायला अर्थतज्ज्ञ हवे होते. जेम्स रायन, नरपतसिंह जोधा आणि हान्स बिन्सवांगर हे त्यांतले ठळक लोक. मे 1975 मध्ये त्यांनी तीन जिल्ह्यांतली सहा गावं धरली: महबूबनगरातली औरेपल्ली आणि डोकूर, सोलापुरातली शिरापूर आणि कळमण, अकोल्यातली कंझरा आणि किनखेडा. गाव निवडताना एक पथ्य पाळलं. शहराला चिकटलेलं नको, आणि सरकारी योजनांनी लाडावलेलंही नको. चारचौघांसारखं गाव हवं.

तीन जिल्हे म्हणजे पावसाच्या तीन तऱ्हा. महबूबनगरची लाल जमीन आणि लहरी पाऊस. सोलापूरची खोल काळी जमीन, खरीप पडीक ठेवून रब्बी ज्वारीची वाट पाहणारी. अकोला त्या मानानं भरवशाचं. पाऊस साधारण येतो, जमीन ओल धरते, पऱ्हाटीत तूर, ज्वारीत मूग असा मिश्र पेरा चालतो. शिवाय 1972 च्या हंगामापासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झालेली. कापूस सरकारलाच घालायचा आणि भाव सरकारनं ठरवायचा. त्यामुळे बाजारभावाचा धसका थोडा कमी झालेला. थोडाच.

प्रत्येक गावात चाळीस घरं निवडली. दहा भूमिहीन मजुरांची, आणि लहान, मध्यम, मोठ्या कास्तकारांची दहा-दहा. सहा गावं मिळून 240. गावात एक तपासनीस मुक्कामालाच ठेवला. शेतीचं शिक्षण घेतलेला, खेड्यात वाढलेला, तिथली भाषा बोलणारा माणूस. दर काही आठवड्यांनी तो त्याच घरी जायचा. किती मजूर लावले, बैल किती दिवस चालले, सरकी कुठून आणली, उधारी कुणाची, हे सगळं वहीत उतरवायचा. वर्षानुवर्षं एकाच घराची एवढी बारीक नोंद त्या काळात जगात फार थोड्या ठिकाणी होत होती.

खर्च आणि उत्पन्न वहीत उतरत होतं. बिन्सवांगरना हवी होती धोका पत्करायची तयारी. ते मूळचे स्वित्झर्लंडचे, शेतीचे अर्थतज्ज्ञ. त्या वेळी एक समज घट्ट बसलेला होता. लहान शेतकरी भित्रा असतो. नवं बियाणं, खत, औषध तो वापरत नाही कारण नुकसानीची त्याला धास्ती वाटते. मोठा शेतकरी मनानं धाडसी, म्हणून तो पुढे जातो. कृषी खात्याच्या सभांतून आणि विद्यापीठांच्या प्रबंधांतून हे इतक्या सहजपणे बोललं जाई, की कुणी ते मोजून पाहिलेलं नाही हे लक्षातच येत नसे. मनातली भीती मोजायची कशी?

पहिला मार्ग सरळ होता. विचारायचं. ब्राझीलच्या ईशान्य भागात डिलन आणि स्कँडिझो या दोघांनी शेतकऱ्यांसमोर शेतीतले कल्पित पर्याय ठेवून त्यांचा कल काढला होता. एका बाजूला ठरलेली मिळकत, दुसऱ्या बाजूला चांगल्या सालाला भरपूर आणि वाईट सालाला तुटपुंजी. यातलं काय घ्याल? मग ठरलेली रक्कम कमी-जास्त करत जायचं आणि माणूस कुठे पलटतो ते टिपायचं. प्रश्न शेतीचा, उत्तर देणारा शेतकरी, विचारणारा त्याच्याच भाषेतला. वरवर पाहता यात खोट काढायला जागा नव्हती.

आकडे मात्र एकमेकांशी जुळेनात. मुलाखत कोण घेतो त्याप्रमाणे उत्तरांचा कल सरकायचा. म्हणजे मोजायला गेले कास्तकाराचं मन आणि मापात आला तपासनीस.

वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला याचं नवल वाटू नये. ओट्यावर कुणी वही उघडून बसला की घरधनी आधी त्याचा चेहरा वाचतो. साहेबाला काय ऐकायचं आहे? ते एकदा कळलं की उत्तर तयार. चहा पाजून, पाहुण्याचं मन राखून, 'तुम्ही म्हणता तसंच हाय साहेब' असं म्हणून वाटेला लावायची आपली रीत. त्यात ते 1975 साल. महाराष्ट्रात जमीनधारणेची कमाल मर्यादा आणखी खाली आणणारा कायदा त्याच वर्षी अमलात आला होता आणि देशात आणीबाणी होती. वही घेऊन आलेल्या माणसाला 'मी धोका पत्करतो, माझ्याजवळ पैका आहे' असं कोण सांगेल? हा माझा तर्क आहे, बिन्सवांगरच्या लेखातला नव्हे. पण कल्पित प्रश्नाला कल्पित उत्तर देण्यात कुणाचं काही जात नाही, एवढं तर उघडच आहे.

तिकडे मानसशास्त्रात हेच भांडण दुसऱ्या अंगानं चाललं होतं. प्रयोगशाळेतला माणूस खऱ्या माणसासारखा वागतो का? मार्टिन ऑर्न यांनी 1962 साली दाखवून दिलं, की प्रयोगात बसलेला माणूस प्रयोग करणाऱ्याच्या मनातलं ओळखून त्याला मदत करायला पाहतो. आपल्या ओट्यावरची तीच गोष्ट, अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत. पुढे 1968 मध्ये एलियट आरन्सन आणि मेरिल कार्लस्मिथ यांनी एक मोलाचा भेद केला. प्रयोगातला 'खरेपणा' दोन प्रकारचा असतो. एक बाहेरच्या साम्याचा: प्रयोगातला प्रसंग रोजच्या जगण्यासारखा दिसतो का? दुसरा पकडीचा: तो प्रसंग माणसाला धरून ठेवतो का, त्याचा जीव त्यात गुंततो का? दोन्ही एकत्र असतीलच असं नाही. स्टॅनली मिलग्रॅमच्या आज्ञापालनाच्या प्रयोगातलं विजेचे धक्के देणारं यंत्र बनावट होतं आणि तसं यंत्र रोजच्या आयुष्यात कुणी पाहिलेलंही नव्हतं. तरी त्यापुढे बसलेल्या माणसांना फुटलेला घाम खरा होता.

बिन्सवांगर मानसशास्त्रज्ञ नव्हते. पण मूर्तिजापूर तालुक्यात त्यांनी नेमका हाच भेद कामाला लावला. शेतीचा प्रश्न बाजूला ठेवला, आणि खेळ मांडला. रोख पैशांचा.

खेळ कळायला अक्षरओळख लागत नव्हती. समोर काही पर्याय ठेवलेले. त्यातला एक निवडायचा, मग नाणं उडवायचं. एक बाजू पडली तर कमी रक्कम, दुसरी पडली तर जास्त. छापा-काटा मुद्दाम घेतलेला. निम्म्यास निम्मी शक्यता म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही समजावून सांगावं लागत नाही. पन्नास रुपयांच्या फेरीतले मुख्य पर्याय असे होते. पहिल्यात नाणं कसंही पडो, पन्नास रुपये नक्की. दुसऱ्यात पंचेचाळीस किंवा पंचाण्णव. तिसऱ्यात चाळीस किंवा एकशेवीस. मग तीस किंवा दीडशे. पुढे दहा किंवा एकशे नव्वद. आणि शेवटी काहीच नाही, किंवा एकदम दोनशे.

जरा हिशेब करून पाहा. पहिल्याची सरासरी पन्नास, दुसऱ्याची सत्तर, तिसऱ्याची ऐंशी, चौथ्याची नव्वद, पाचव्याची शंभर. एकेक पायरी चढताना सरासरी वाढते, पण वाईट बाजूला हातात उरणारी रक्कम घटत जाते. शेवटच्या पायरीवर मात्र सरासरी शंभरच राहते. वाढतो तो फक्त धोका. तिथे जाऊन बसणारा एक तर नफ्या-धोक्याच्या हिशेबात धोका धरतच नाही, किंवा त्याला जुगाराची चटक आहे. कुणी किती पायऱ्या चढतो ते पाहायचं. तेच त्याच्या मनाचं माप.

एकदम पन्नासवर उडी घेतली नव्हती. आधी हेच पर्याय शंभराव्या हिश्शानं, म्हणजे नक्की रक्कम अर्धा रुपया. लोकांना खेळ अंगवळणी पडावा म्हणून ते पुन्हा पुन्हा खेळवलं. मग पाच रुपयांची पातळी, आणि त्यानंतर पन्नासची. पाचशेचा प्रश्न तेवढा तोंडी ठेवला, त्यात पैसे दिले नाहीत. पन्नासच्या फेरीतले वरचे दोनशे म्हणजे त्या वेळच्या बिगारी मजुराच्या महिन्याच्या कमाईहून जास्त. रोजगार हमीवर माती उचलणाऱ्या माणसासमोर महिन्याभराहून अधिक घामाचा पैसा ठेवलेला, आणि मध्ये एक नाणं.

दृश्य डोळ्यांपुढे आणून बघावं. अर्ध्या रुपयाच्या फेरीत गंमत होती. कुणी सरळ शेवटच्या टोकाला जाऊन 'पडू द्या' म्हणत असेल, कुणी उगाच पहिल्याच पायरीवर बसत असेल. आठ आण्यांत काय जातं? आकड्यांतही हेच उतरलं. लहान रकमांना उत्तरं साऱ्या पायऱ्यांवर पसरलेली होती, काही जण तर सरळ धोक्याच्या हौसेनं खेळले. रक्कम वाढली तशी ही पांगापांग आटोपली. पन्नासच्या फेरीत बहुतेक सगळे मधल्या पायऱ्यांवर येऊन थांबले. नक्कीचे पन्नास घेऊन घरी जाणारे थोडे, दोनशेसाठी सगळं लावणारेही थोडे. भूमिहीन असो की मोठा जमीनदार, माणूस तीस-दीडशे किंवा चाळीस-एकशेवीस याच्याच आसपास घुटमळला. श्रीमंती वाढली की धास्ती किंचित कमी होते असं दिसलं, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. आणखी एक मजा: आधीच्या फेऱ्यांत ज्याला नाण्यानं साथ दिली, तो पुढे थोडा जास्त धिटाईनं खेळला. नशिबाचं हे गणित वरली मटक्याच्या अड्ड्यावर कुणीही सांगितलं असतं. आणि मटकाही मुळात कापसाचाच; 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या-मिटत्या भावांवर मुंबईत आकडे लागायला लागले, त्यातून तो वाढला.

मुलाखतीचे निष्कर्ष आणि या खेळाचे निष्कर्ष शेजारी ठेवले तेव्हा ते अजिबात जुळले नाहीत. शेतीचे प्रश्न विचारून जे मिळालं ते फसवं निघालं, आणि शेतीशी दूरान्वयानंही संबंध नसलेल्या नाण्यानं माणसं ठामपणे आणि सारखी वागताना दाखवली. दिसायला खरा होता तो मार्ग खोटा पडला. मुलाखतीतल्या वावराला माती होती, पीक होतं, पाऊस होता. हरण्या-जिंकण्यासारखं मात्र काहीच नव्हतं. नाण्यामागे दोनशे रुपये होते.

बिन्सवांगरनी हे आधी 1978 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त मांडलं, मग 1980 मध्ये अमेरिकेतल्या कृषी अर्थशास्त्राच्या नियतकालिकात सविस्तर, आणि 1981 मध्ये 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये त्याचा सैद्धांतिक अर्थ लावला. मधल्या काळात, 1979 साली, डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा धोक्यातल्या निवडीविषयीचा, पुढे जगभर गाजलेला लेख आला. 4000 मिळण्याची 80 टक्के शक्यता हवी, की 3000 नक्की? उत्तर देणाऱ्या 95 जणांपैकी 80 टक्क्यांनी नक्कीचे 3000 निवडले. आकडे इस्रायली पौंडांतले होते, पण पौंड कुणाच्याच हाती पडला नाही. प्रश्न सगळे कागदावर. अशा वेळी आपण काय करू हे माणसाला ठाऊक असतं आणि खोटं सांगायचं त्याला कारण नसतं, असं त्या दोघांनी गृहीत धरलं आणि तसं लिहूनही टाकलं. त्यांचा सिद्धांत टिकला आणि काहनमन यांना 2002 चं नोबेल मिळालं, ते रास्तच होतं. पण त्याच 2002 मध्ये चार्ल्स होल्ट आणि सुझन लॉरी यांनी अमेरिकेत रोख डॉलर ठेवून पाहिलं. रक्कम वीस, पन्नास, नव्वद पटींनी वाढवली तशी माणसं जास्त सावध झाली. तेच आकडे नुसते कागदावर वाढवले तेव्हा मात्र उत्तरं जागची हलली नाहीत. कंझऱ्यात वीसेक वर्षं आधी रोख पैशानं हेच दाखवलं होतं. आणि तेही अशा माणसांवर, ज्यांना 200 रुपये म्हणजे महिन्याभराचं पोट. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला तेवढ्या पटीनं मोहात पाडायचं तर संशोधनाचं अनुदान एका दुपारी संपेल. गरीब गावात खरेपणा स्वस्त पडतो, हा या कथेतला थोडा अवघड जागेचा मुद्दा आहे. बिन्सवांगरनी त्यात एक काळजी घेतली होती: खेळात कुणाचं पदरचं काही जाऊ नये. वाईटात वाईट म्हणजे शून्य.

निष्कर्षाचा रोख मात्र थेट कृषी खात्याकडे होता. लहान आणि मोठ्या कास्तकाराचं मन जवळपास सारखंच असेल, तर लहान कास्तकार नवं बियाणं घेत नाही याचं खापर त्याच्या भित्रेपणावर कसं फोडायचं? पुढे फिलिपाइन्स, थायलंड, एल साल्वादोर इथे तसेच खेळ झाले आणि चित्र फारसं बदललं नाही. त्या साऱ्याचा आढावा घेताना 1983 मध्ये बिन्सवांगर आणि डोनल्ड सिलर्स यांनी बोट ठेवलं ते कर्जावर. लहान माणसाला वेळेवर आणि परवडेल असं कर्ज मिळत नाही. त्याचं हात आखडणं हे मनाच्या भित्रेपणापेक्षा खिशाच्या बेड्यांमुळे आहे. सोसायटीच्या दारात जून महिन्यात उभा राहिलेला कुठलाही माणूस हे फुकटात सांगू शकला असता. पण 'भित्रा शेतकरी' या वाक्याला आकड्यांनी उत्तर द्यायला नाणंच लागलं.

1981 च्या लेखात आणखी एक धक्का होता. पुस्तकी अर्थशास्त्र सांगतं, की माणूस धोका घेताना आपली सगळी मालमत्ता डोळ्यांपुढे ठेवतो. वीस एकरवाल्याला पन्नास रुपये म्हणजे काय? पण खेळणारे वीस एकर विसरून समोरच्या पन्नासाकडेच पाहत होते. खेळातली मिळकत त्यांनी शेतातल्या मिळकतीत मिळवलीच नाही. वेगळ्या कप्प्यात ठेवली.

आणि इथेच त्या नाण्याचा खरेपणाही संपतो. खेळातल्या माणसाला हरायचं नव्हतं. फार तर रिकाम्या हातानं परत जायचं होतं. पैसे दुसऱ्याचे, शक्यता छापील, निकाल क्षणात. वावरात यातलं एकही लागू नाही. मृगाचे चार शिंतोडे पडले की धूळपेरणी करायची की थांबायचं, या प्रश्नाला निम्म्यास निम्मं असं काही नसतं. बियाणं कृषी केंद्राची उधारी, मजुरी सावकाराची, आणि पावसानं दडी मारली तर दुबार पेरणी. म्हणजे पहिली हार अंगावर घेऊन तेच नाणं पुन्हा उडवायचं.

त्या घरांच्या वह्या मात्र टिकल्या. कंझरा, शिरापूर आणि औरेपल्लीची नोंद दहा वर्षं चालली आणि तिच्यावर जगभर प्रबंध लिहिले गेले. रॉबर्ट टाउनसेंड यांनी 1994 मध्ये या तीन गावांच्या आकड्यांवरून दाखवलं, की एका घराचं पीक बुडालं तरी त्या घराचं खाणंपिणं त्या मानानं बुडत नाही. गाव काही प्रमाणात एकमेकांना धरून असतं. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी 1989 मध्ये इक्रिसॅटच्याच नोंदी चाळून वेगळी गोष्ट काढली. लेकी दूरच्या गावी देण्यात पावसाचा विमा दडलेला असतो. एकाच ढगाखालच्या दोन घरांची सोयरीक झाली तर दुष्काळात दोघांचीही चूल थंड. पन्नास कोसांवरचा व्याही अशा वेळी कामी येतो. आपल्याकडच्या आजीबाईला हे सिद्ध करायला प्रतिगमनाचं समीकरण लागलं नसतं, पण तिचं म्हणणं 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त छापून आलं नसतं हेही खरं.

2001 मध्ये तपासनीस पुन्हा त्याच सहा गावांत गेले. एकाधिकार खरेदी मोडकळीला आलेली, पुढच्याच वर्षी बीटी कापूस आला, ज्वारी हटून सोयाबीन पसरत होतं. 1 जुलै 2006 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंगांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3750 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, आणि त्या सहांत अकोलाही होता. त्यानंतर किती समित्या वऱ्हाडात येऊन गेल्या, किती प्रश्नावल्या भरल्या गेल्या, मोजदाद नाही. ओट्यावर वही उघडली जाते, चहा येतो, आणि घरधनी समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत उत्तराचा अंदाज घेतो.